तळ्यात मासे नाहीत हे सिद्ध करण्याबाबत

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना इथूनच वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष भेटीत वाकलो तर नमस्कार माझा आणि मला उठवायचं काम तुमचं, अशी सध्या कमरेची अवस्था आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी तुम्हाला जिना चढायला बंदी केली आणि ती बातमी तुम्ही गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांना सांगून आलात, असं मामींनी लिहिलं होतं. जपा. नवी कवळी बसली का? नसेल बसली तर आमच्या मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांना विचारून कळवतो, पण त्यांचा सल्ला घ्यायचा की नाही ते हे पत्र शेवटपर्यंत वाचून ठरवा. इकडे सगळं ठीक आहे. दुकान बरं चाललं आहे. लोकांची नजर दिवसेंदिवस बिघडते आहे, त्यामुळे चष्मेवाल्यानं काळजी करण्याचं कारण नाही. तुमची सूनबाई, म्हणजे आमची ही, मजेत आहे. ती इतकी मजेत का आहे, ते ओघानं येईलच.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. मामा, मी सरकारशी भांडत होतो. सरकारशी भांडायला लागलं की माणसाला दुसऱ्या कशाला वेळ मिळत नाही, आणि सरकारला तर आपण भांडतो आहोत हे कळायलाच वेळ लागतो. या सगळ्याचं मूळ तुम्हीच आहात. लहानपणी सुट्टीत मला ओढ्यावर नेऊन गळाला गांडूळ कसं लावायचं ते तुम्ही शिकवलंत, त्याचे परिणाम मी आजतागायत भोगतो आहे. इतर मुलांचे मामा त्यांना सायकल शिकवत होते. असो.

तर तुम्ही गेल्या सुट्टीत येऊन गेल्यावर आम्ही दर रविवारी तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांनी एक मंडळ काढलं आहे. त्याचं नाव ‘गळकरी मंडळ’. (गावात सगळे ‘गळकं मंडळ’ म्हणतात. पाटी रंगवणाऱ्यानं आधी तसंच रंगवूनही दिलं होतं. जाब विचारला तर म्हणाला, मला वाटलं तुम्ही नळ दुरुस्त करता.) अध्यक्ष आहेत निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवून हा माणूस असा झाला आहे की प्रत्येक गोष्टीची पोच मागतो. ‘नमस्कार’ म्हटलं तरी मिळाल्याचं कळवतो. दुसरे आमचे दातांचे डॉक्टर. ते मासा आणि दाढ यांत फरक करत नाहीत, दोन्ही एका झटक्यात बाहेर आलं पाहिजे असं त्यांचं मत आहे, आणि मासा निसटला की सवयीनं ‘झालं, झालं, आता दुखणार नाही’ म्हणतात. तिसरा शिंपी. माझे सगळे शर्ट तोच शिवतो. आणि चौथा मी. आम्ही चौघं एका काठावर बसतो, एका पाण्यात गळ टाकतो, आणि आमचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर होतं, ते म्हणजे मत्स्य खातं वाईट आहे.

मत्स्य खातं! मामा, नावातच सगळं आलं. मत्स्य कोण खातं? खातं खातं. आम्ही नुसते बघतो. यंदा खात्यानं गळाच्या परवान्याची फी वाढवली. म्हटलं वाढवा, निदान तळ्यात चार पिल्लं सोडाल. पण त्या पैशांतून आधी उभा राहिला एक भला मोठा फलक, त्यावर मासेमारीचे नियम, आणि अक्षरं अशी बारीक की ते वाचायच्या नादात दोन माणसं माझ्याकडे नंबर वाढवून घ्यायला आली. (मी खात्याला शिव्या देत देत त्यांना चष्मे दिले.) मग होडीसाठी शेड बांधली. होडी नाही. मग काठावर बाकं बसवली, सिमेंटची, मजबूत, आणि ती बसवणाऱ्या कंत्राटदारानं सगळी बाकं तळ्याकडे पाठ करून बसवली, कारण नकाशा त्यानं उलटा धरला होता. आता आम्ही बाकावर बसलो तर समोर रस्ता दिसतो आणि मासा गळाला लागला की मान मोडते. पिल्लं मात्र सोडली नाहीत. बोटाएवढी झालेली पिल्लं खातं ट्रकनं आणून तळ्यात सोडतं, त्यांना ‘बोटुकली’ म्हणतात. शब्द किती गोड आहे बघा. आम्ही गेली कित्येक वर्षं तो शब्दच ऐकतो आहोत.

आता यावर काय करावं, याबद्दल मंडळात चार माणसांची पाच मतं होती. पोस्टमास्तरांचं म्हणणं, नियम हवेतच, उलट आणखी हवेत, पण प्रत्येक नियमाची एक प्रत घरपोच मिळावी. डॉक्टर म्हणत, बोटुकलीबिटुकली नको, खात्यानं एकदम मोठे मासे आणून सोडावेत, वाट बघण्याचं वय राहिलेलं नाही. शिंप्याचा सगळा राग लांबीच्या नियमावर. अमुक लांबीपेक्षा लहान मासा धरायचा नाही, असा नियम आहे, पण ती लांबी शेपूट धरून की शेपूट सोडून, हे फलकावर कुठेच नाही. ‘अहो, बाहीचं माप घेताना आपण बोटं धरतो का?’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असे. माझं मत असं की फी घ्या, नियम करा, बाकंही उलटी बसवा, पण एकदा तरी गळाच्या दोरीवरचं तरंगतं बूच पाण्याखाली जाऊ द्या. (पाचवं मतही डॉक्टरांचंच होतं. ते त्यांनी नंतर मागे घेतलं, त्यामुळे लिहीत नाही.)

आणि अशात खात्याची नोटीस आली. गळकऱ्यांची मतं ऐकण्यासाठी सुनावणी ठेवली होती. तळ्याला किती निधी द्यायचा, बोटुकली कुठे सोडायची, ते सुनावणीनंतर ठरणार होतं. इथवर ठीक. पण नोटिशीत लिहिलं होतं, ‘गळाने मासेमारी करणाऱ्या व त्यामुळे बाधित होणाऱ्या सर्व व्यक्तींनी उपस्थित राहावे.’ मामा, हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याचं लग्न झालेलं असणार. सूनबाईनं नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाली, ‘बाधित म्हणजे मी. मी येणार.’ पोस्टमास्तरीणबाई आल्या, डॉक्टरांच्या पत्नी आल्या, शिंप्याची बायको दुकान बंद करून आली. सुनावणीला आम्ही पुढच्या रांगेत आणि बाधित मागच्या रांगेत.

खात्याचं कार्यालय तुम्ही पाहिलेलं नाही. पाहण्यासारखंही नाही. एक लांबट खोली, खुर्च्या पळवून नेऊ नयेत म्हणून एकमेकींना साखळीनं बांधलेल्या, त्यामुळे एक जण उठला की सगळी रांग थोडी थोडी उठते. भिंतीवर माशांची चित्रं, उन्हानं सगळे मासे एकाच रंगाचे झालेले. कोपऱ्यात काचेची टाकी, आणि तीत एक मासा. खात्याला नक्की माहीत असलेला तेवढाच मासा, असं डॉक्टर माझ्या कानात म्हणाले. समोरच्या टेबलाशी नव्यानं बदलून आलेल्या अधिकारी बाई. वयानं लहान, चेहरा गंभीर, चष्मा चांगला होता पण माझ्या दुकानातला नव्हता, त्यामुळे मी आधीच जरा नाराज होतो.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फी, फलक, शेड, बाकं, शेपूट. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘आता मला एवढंच सांगा, गेल्या हंगामात तुम्ही प्रत्येकानं साधारण किती मासे धरलेत?’

मामा, आम्ही चौघंही टाकीतल्या माशाकडे बघायला लागलो. आमची पंचाईत लक्षात घ्या. खरं सांगावं, तर ‘एकही नाही’ एवढंच उत्तर, आणि त्या उत्तरावर बोटुकलीचा ट्रक आमच्याच तळ्यावर येणार. पण मागच्या रांगेत बसल्या होत्या चौघी. त्यांना आम्ही वर्षानुवर्षं रविवारच्या दुपारी काय काय सांगत आलो होतो ते आमचं आम्हाला ठाऊक. ‘आज मोठा लागला होता, पण सोडून दिला.’ ‘आज दोन लागले, वाटेत एकाला देऊन आलो.’ पुढे निधी, मागे अब्रू, आणि मध्ये साखळीनं बांधलेल्या खुर्च्या.

पोस्टमास्तर अध्यक्ष म्हणून आधी उठले. (रांगही थोडी उठली.) खरं बोलायचं असं आमचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. त्यांनी घसा साफ केला, सहज मागे वळून पाहिलं, त्यांना पोस्टमास्तरीणबाई दिसल्या, आणि ते म्हणाले, ‘तसे... बरेच.’ बाईंनी विचारलं, बरेच म्हणजे? त्यांनी आकडा सांगितला. तो आकडा ऐकून मीच थक्क झालो. मग डॉक्टर कसे मागे राहतील? त्यांनी पोस्टमास्तरांच्या दुप्पट सांगितले. शिंप्यानं संख्या कमी सांगितली, पण लांबी सांगताना हात असे पसरले की शेजारच्या दोघांना वाकावं लागलं. माझी पाळी आली. मामा, मी तुमची शपथ घेऊन सांगतो, मी खरं बोलायलाच उठलो होतो. तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सूनबाई खाकरली. साधंच खाकरणं, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर खाकरण्यालाही अर्थ येतो. मी डॉक्टरांपेक्षा थोडे जास्त सांगितले.

बाईंनी खडू घेतला, फळ्यावर आमची बेरीज मांडली, शेजारी तळ्यात आजवर सोडलेल्या बोटुकलीचा आकडा लिहिला, आणि आमच्याकडे वळून अगदी सरळ आवाजात म्हणाल्या की आम्ही चौघांनी तळ्यात होते त्यापेक्षा जास्त मासे धरले आहेत. तेव्हा तळ्याला तातडीनं विश्रांती द्यायला हवी. हंगामभर मासेमारी बंद ठेवायचा प्रस्ताव त्या पाठवतील. आणि यंदाची बोटुकली पलीकडच्या तलावाला जाईल, कारण तिथल्या सुनावणीत सगळ्यांनी ‘एकही मासा मिळत नाही’ असं सांगितलं, आणि त्यांच्यातला एक जण तर इतका रडला की बाईंना स्वतःचा रुमाल द्यावा लागला. (त्यांच्या बायका आल्या नव्हत्या, हे मी मुद्दाम चौकशी करून शोधून काढलं आहे.)

घरी परत येताना सूनबाई म्हणाली, ‘इतके मासे धरलेत, तर घरी एकही कसा नाही आला?’

मी म्हटलं, ‘सोडून दिले ना. सांगत तर होतो दर वेळी.’

‘मग बाईंना सांगायचं की. सोडून दिलेत तर ते तळ्यातच असतील. मग कमी कसे झाले?’

मामा, मी रस्ता ओलांडताना तिचा हात धरला आणि विषय बदलला.

पण हंगामभर तळं बंद, ही कल्पनाच आम्हाला सोसेना. रविवारी सकाळी करायचं काय? पोस्टमास्तर दोन रविवार घरी बसले तर पोस्टमास्तरीणबाई माहेरी जातील, असं डॉक्टरांचं निदान होतं. चेष्टा सोडा, मला स्वतःला त्या काठाशिवाय जमत नाही. आठवडाभर मी लोकांना ‘हे अक्षर दिसतं का, आता हे दिसतं का’ विचारत असतो. रविवारी एक बूच बघायचं, बाकी काही दिसलं नाही तरी चालतं. म्हणून आम्ही चौघं, या वेळी बाधित व्यक्तींना न सांगता, पुन्हा कार्यालयात गेलो आणि बाईंपुढे उभे राहिलो. पोस्टमास्तरांनी सुरुवात केली की सुनावणीतले आकडे थोडे, म्हणजे, वाढीव होते.

‘खोटं बोललात, असं लिहू का?’ बाईंनी पेन उचलला.

‘खोटं नाही,’ पोस्टमास्तर म्हणाले, ‘आदरापोटी वाढवलेले.’

‘मग खरा आकडा काय?’

शिंप्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून एक गोल केला आणि तो बाईंना दाखवला. बाई पाणी प्यायला माठाकडे वळल्या आणि पाणी पिऊन झालं तरी बराच वेळ तिकडेच तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. परत वळल्या तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी. म्हणाल्या, तुमच्या दोन्ही आकड्यांवर माझा विश्वास नाही. येत्या रविवारी मी स्वतः काठावर येऊन बसते. माझ्यादेखत काही मिळालं नाही, तर तळं रिकामं आहे असा अहवाल देईन आणि बोटुकली मागवीन.

आम्ही नाचतच बाहेर आलो. मासा न धरणं! यात आमचा हात कोण धरणार? तरी पोस्टमास्तर सावध माणूस. म्हणाले, नशिबाचा भरवसा नको, सगळ्यांनी गळ रिकामे टाकायचे, आमिष लावायचंच नाही. ठरलं.

रविवारी उजाडताच आम्ही हजर, आणि आमच्याआधी बाई हजर. घडीची खुर्ची, छत्री, मासा मोजायची लाकडी पट्टी, आणि एक डबा. बाधित मंडळीही थर्मास घेऊन आली होती. (सुनावणीपासून त्या चौघींची चांगलीच गट्टी जमली आहे. हा खात्याचा आणखी एक उपद्रव.) बाईंनी डबा उघडला. आत मळलेल्या पिठासारखे गोळे. म्हणाल्या, ‘आमच्या संशोधन केंद्रानं तयार केलेलं आमिष आहे. सगळ्यांनी हेच लावा, म्हणजे निकाल बरोबर येईल.’ आणि चौघांच्या गळाला स्वतःच्या हातानं लावून दिलं. मामा, त्या गोळ्याचा वास असा होता की मलाच भूक लागली. खात्यानं आजवर केलेल्या कामांत नीट झालेलं असं हे एकच काम, आणि ते नेमकं त्या दिवशी आमच्या गळाला!

पहिलं बूच बुडालं पोस्टमास्तरांचं. ते आकाशाकडे बघत राहिले. बूच वर आलं, पुन्हा बुडालं, ते ‘आज ढग नाहीत’ असं म्हणाले. डॉक्टरांची काठी वाकली, तर त्यांनी ‘शेवाळ, शेवाळ’ म्हणत दोरी सैल सोडली. घामानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता. शिंपी शहाणा, तो काठी दगडाखाली दाबून खात्याच्या बाकावर जाऊन बसला, तळ्याकडे पाठ करून. म्हणाला, मला काही दिसत नाही. आणि मग माझं बूच गेलं. बुडालं नाही मामा, गेलं. जसं काही तिथे कधी नव्हतंच. दोरी ताणली गेली, काठीचं धनुष्य झालं, आणि पाण्याखाली काहीतरी जड, शांतपणे, तळ्याच्या मधोमध चालू लागलं.

आता डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला पोस्टमास्तर दातओठ खात कुजबुजत होते, ‘सोडा! मंडळाचा विचार करा!’ डॉक्टर हातानं दोरी कापायची खूण करत होते. आणि दुसऱ्या बाजूला सूनबाई. मामा, लग्न झाल्यापासून तिनं कधी तळ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. ती थर्मास टाकून उठली आणि काठावरचे बगळे उडतील एवढ्या आवाजात ओरडली, ‘ओढा! अहो, बघताय काय, ओढा!’ मंडळ, बोटुकली, निधी, सगळं मला दिसत होतं. पण माझ्या हातात जन्मात प्रथमच काहीतरी जिवंत ओढत होतं. मी ओढलं. तिनं मागून माझा शर्ट धरला. शर्ट शिवणीवर टरकन फाटला (शिंप्यानं तिथेच सांगितलं की शिवण त्याची नव्हे, कापड वाईट होतं), पण आम्ही सोडलं नाही. किती वेळ ते चाललं सांगता येत नाही. शेवटी काठाच्या चिखलात ती मासळी आली. मोठी, सोनेरी, रागावलेली. माझ्या हातापेक्षा लांब.

शिंपी टेप घेऊन धावला. मंडळाला वाचवायचा त्याचा तो शेवटचा प्रयत्न. टेप असा काही दुमडून धरला की मासा नियमापेक्षा दोन बोटं आखूड भरला. ‘लहान आहे, हिशेबात धरता येणार नाही,’ तो म्हणाला. बाईंनी लाकडी पट्टी खाली ठेवली. मासा पट्टीच्या पलीकडे गेला. मग बाई म्हणाल्या, ‘फलकावरचा शेवटचा नियम वाचलाय का कुणी?’ अर्थातच नव्हता. तो होता असा, की फार मोठा मासाही ठेवायचा नाही. अशा माद्या अंडी घालतात. ‘हिच्या एकटीच्या पोटी जेवढी पिल्लं होतात तेवढी आमच्या ट्रकमध्ये मावत नाहीत,’ बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना पहिल्यांदाच त्या अधिकारी वाटल्या नाहीत. कुणी तरी आपल्या आवडत्या नातेवाइकाबद्दल बोलावं तशा बोलल्या. तेव्हा सोडून दिली. त्याविषयी जास्त लिहीत नाही. खात्याचा एखादा नियम पटला, हे लिहायलाही हात धजत नाही.

त्यानंतर कसला धरबंद? डॉक्टरांना राहवलंच नाही. त्यांनी ‘झालं, झालं’ म्हणत एक बाहेर काढला. पोस्टमास्तरांनी अध्यक्षपद विसरून दोन काढले. शिंपी बाकावरून उडी मारून आला. दुपारपर्यंत आमच्या चौघांच्या पुढे इतके मासे पडले की बाधित मंडळीच टाळ्या वाजवायला लागल्या.

आठ दिवसांत अहवाल आला. तळं उत्तम स्थितीत आहे. मासे भरपूर आहेत, सबब बोटुकलीची गरज नाही. मासेमारी बंद ठेवण्याचंही कारण नाही, कारण आजवरच्या पद्धतीनं गळकऱ्यांकडून माशांना कोणताही धोका संभवत नाही. (हे वाक्य पोस्टमास्तरांनी मोठ्यानं वाचलं आणि मग खाली बसले.) कमतरता माशांची नसून कौशल्याची आहे, तरी निधीतून गळकऱ्यांसाठी प्राथमिक प्रशिक्षण शिबिर घ्यावं. आणि बाकं फिरवून घ्यावीत. आता दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं शेडमध्ये बसून गाठ कशी मारायची ते शिकतो. सूनबाईनंही नाव घातलं आहे. तिची गाठ बाई सगळ्यांना दाखवतात. खात्याविषयीची आमची मतं बदलली असं मात्र समजू नका. शिव्या आम्ही अजूनही देतो, फक्त आता तळ्याकडे तोंड करून देतो.

मामींना सांगा, पत्र वाचून दाखवताना कंसातलं गाळू नका. गुडघ्याला जपा.

तुमचा,
पाण्यात राहून माशांशी वैर करणारा भाचा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. खात्यानं मंडळातल्या एकाला तळ्यावर मानद रक्षक नेमायचं ठरवलं आणि नजर चांगली म्हणून मला नेमलं. बिल्ला मिळाला आहे. विनापरवाना गळ टाकणाऱ्याला धरायचं, हे माझं काम. आता मामा, तुम्ही दर सुट्टीत इथे येता, महिनाभर तळ्यावर बसता, आणि आजवर तुम्ही परवाना काढलेला मला तरी आठवत नाही. रक्षकानं पहिलाच गुन्हेगार धरला आणि तो सख्खा मामा निघाला, तर गाव मला काय म्हणेल? आणि सोडून दिला, तर खात्यानं आपल्याला मामा बनवलं की आपण खात्याला, यावर पोस्टमास्तर सभा बोलावतील. म्हणून सोबत अर्ज पाठवतो आहे. सगळा भरला आहे, फक्त सही करा. हात जोडून गळ घालतो. ‘गेल्या हंगामात किती मासे धरले’ असा एक रकाना आहे, तो कृपा करून कोरा सोडा. मामी शेजारी नसतील तेव्हाच अर्ज हातात घ्या.

आणखी एक ता. क. मामा, सूनबाईचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सगळं खरं आहे. फक्त बूच गेलं तेव्हा काठी माझ्या हातात होती. यांचं बूच दोनदा हललं, तेव्हा हे घाबरून ‘जरा धर’ म्हणाले आणि झुडपामागे चहा प्यायला गेले. ओढा म्हणून ओरडायला मला कुणी समोर नव्हतंच, मी ओढत होते. ‘सोड, सोड’ म्हणत हेच पळत आले, आणि शर्ट फाटला तो मला मागे खेचताना. पुढे मात्र खेचायचं विसरून माझ्या हातावर हात ठेवून उभे राहिले, तेही खरं. बाईंनी मला तिथल्या तिथे परवाना काढायला लावला, तो आता फ्रेम करून यांच्या दुकानात लावला आहे, नंबर तपासायच्या तक्त्याच्या बाजूला.

आणि त्या मासळीला सोडायची वेळ आली तेव्हा माझ्यानं हात सोडवेना. हेच बूट न काढता गुडघाभर पाण्यात उतरले, तिला दोन्ही हातांवर धरून उभे राहिले, तिनं शेपूट हलवेपर्यंत. वाकून तिला हळूच म्हणाले, ‘पुढच्या वेळी माझ्या हातात काठी असताना ये गं बाई.’ मी ऐकलं नाही असं त्यांना वाटतं. तुम्हीही काही बोलू नका.